तळघरापासून कमानीपर्यंत : लंडनचे वाइन बार

बोर्दो फ्रान्समध्ये, पोर्तो पोर्तुगालमध्ये आणि हेरेझ स्पेनमध्ये. या तिन्ही गावांच्या वाइनला जगभर नाव मिळालं, त्यात मोठा वाटा लंडनच्या गिऱ्हाइकाचा आहे. 1152 साली ॲक्विटेनची एलिनॉर आणि पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेला दुसरा हेन्री यांचं लग्न झालं. त्या लग्नामुळे बोर्दोचा मुलूख इंग्लंडच्या राजघराण्याकडे आला आणि 1453 पर्यंत, म्हणजे सुमारे तीनशे वर्षं, त्यांच्याकडेच राहिला. तिथली लाल वाइन पिंपांत भरून जहाजांनी थेम्सच्या धक्क्यावर उतरायची. पुढे फ्रान्सशी वैर वाढलं, तेव्हा 1703 च्या मेथुएन करारानं पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा कमी ठेवली आणि इंग्रजांच्या जेवणानंतरच्या टेबलावर पोर्तोची ‘पोर्ट’ वाइन येऊन बसली.

सांगण्यासारखं स्वतःचं पीक नसल्यामुळे लंडननं कुठल्या एका मुलखाची बाजू धरली नाही. फ्लॉरेन्सच्या बारमध्ये टस्कनीची वाइन पुढे येते, बोर्दोत बोर्दोची. लंडनमध्ये मात्र एकाच यादीत फ्रान्स, ग्रीस, जॉर्जिया, चिली आणि न्यूझीलंड शेजारी शेजारी असतात. वाइनचं रीतसर शिक्षणही इथंच उभं राहिलं. ‘मास्टर ऑफ वाइन’ ही या क्षेत्रातली सर्वांत कठीण समजली जाणारी परीक्षा 1953 साली लंडनमध्ये सुरू झाली. मुंबईच्या सोनल हॉलंड 2016 मध्ये ती पदवी मिळवून भारतातल्या पहिल्या मास्टर ऑफ वाइन ठरल्या.

तुमच्याआमच्यासारख्यांना परीक्षा द्यायची नसते. आपल्यासाठी लंडनमधली शाळा म्हणजे वाइन बार. अख्खी बाटली विकत न घेता एकेक ग्लास चाखता येतो, सोबत चीज-पाव मिळतो, आणि काउंटरपलीकडच्या माणसाला प्रश्न विचारले तर तो आनंदानं उत्तरं देतो. लंडनच्या मुक्कामात मी हॅरोला मामेबहिणीकडे उतरते. ताई तिथं बरीच वर्षं राहते आहे. संध्याकाळी ती कामावरून सुटली की आम्ही मध्य लंडनमध्ये भेटतो आणि एखाद्या वाइन बारमध्ये बसतो. त्यांतले मला मनापासून आवडलेले बार इथं सांगते आहे.

गॉर्डन्स : मेणबत्त्यांच्या उजेडात

चेरिंग क्रॉस स्टेशनला लागून नदीकडे उतरणारा व्हिलियर्स स्ट्रीट हा गजबजलेला रस्ता. त्याच्या खालच्या टोकाशी, एम्बँकमेंट स्टेशनच्या जरा अलीकडे, ‘गॉर्डन्स’चा दरवाजा आहे. अरुंद जिन्यानं खाली उतरायचं. भिंतींवर पिवळी पडलेली वर्तमानपत्रं आणि जुनी चित्रं. आतल्या बाजूला विटांच्या बुटक्या कमानींचं तळघर. उंच माणसाला तिथं वाकूनच टेबलापाशी जावं लागतं. उजेड बाटल्यांत खोचलेल्या मेणबत्त्यांचा. गॉर्डन आडनावाच्या गृहस्थांनी 1890 साली हा बार सुरू केला आणि लंडनमधला सर्वांत जुना वाइन बार म्हणून तो ओळखला जातो. 1975 पासून तो ज्या कुटुंबाकडे आहे त्यांचंही आडनाव गॉर्डनच, पण मूळ मालकाशी त्यांचं नातं नाही.

इथं बियर नाही, व्हिस्की नाही, जिन नाही. फक्त वाइन. काउंटरमागे लाकडी पिंपं मांडलेली आहेत आणि त्यांतून शेरी, पोर्ट आणि मदेरा थेट ग्लासात येतात. नेहमीची लाल-पांढरी वाइन बाटलीतून मिळते, पण गॉर्डन्समध्ये पहिला ग्लास पिंपातलाच घ्यावा, असं मी सांगेन.

शेरी म्हणजे काय, हे मला नीट कळलं ते इथंच. स्पेनच्या दक्षिणेला हेरेझ परिसरात पांढऱ्या द्राक्षांची वाइन करून तिच्यात थोडं द्राक्षांचंच ऊर्ध्वपातित मद्य मिसळतात आणि ती पिंपांत मुरवतात. ‘फिनो’ प्रकारात वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा थर धरतो, तो हवेपासून तिचं रक्षण करतो, म्हणून फिनो फिकट आणि कोरडी राहते. ‘ओलोरोसो’वर असा थर नसतो. हवा लागून ती तपकिरी होते आणि तिला अक्रोडासारखा वास येतो. ‘पेद्रो हिमेनेझ’ मात्र उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची. ती काकवीसारखी दाट आणि गोड असते. तिन्हींचा लहान लहान ग्लास घेऊन ओळीनं चाखला की एका मुलखातल्या तीन वाटा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ताई दर वेळी बजावते, “घाई करू नकोस गं, आधी वास घे.” शेरीच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. अर्धी चव नाकातच कळते.

खायला गॉर्डन्सच्या काउंटरवर चीजचे मोठे तुकडे मांडलेले असतात. पोर्टबरोबर स्टिल्टन हे निळ्या शिरांचं खारट चीज घेण्याची इंग्लंडमध्ये जुनी रीत आहे. स्टिल्टन हे नाव लावायचं तर ते डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच परगण्यांत बनलेलं असावं लागतं. खारट चीज आणि गोड पोर्ट एकमेकांना असे सावरतात की दोन्हींची चव वाढते.

उन्हाळ्यात बरेच लोक बाहेर वॉटरगेट वॉकवरच्या बाकांवर बसतात. तिथून काही पावलांवर, बागेत, 1626 सालचा दगडी ‘यॉर्क वॉटर गेट’ उभा आहे. बकिंगहॅमचा ड्यूक आपल्या वाड्यातून याच दारानं होडीत चढत असे. आज नदी त्या दारापासून बरीच दूर आहे, कारण 1870 मध्ये पुऱ्या झालेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटसाठी अभियंते जोसेफ बाझलगेट यांनी थेम्सच्या काठावर भराव घातला. नदी मागे सरली आणि दार बागेत राहिलं.

मुंबईकराला इथं आणखी एक ओळखीचं नाव भेटतं. या इमारतीला ‘किपलिंग हाउस’ म्हणतात. 1889 ते 1891 या काळात लेखक रुडयार्ड किपलिंग व्हिलियर्स स्ट्रीटवर राहत होता. त्याचा जन्म 1865 सालचा, मुंबईतल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. त्याचे वडील तिथं शिकवत. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या त्या आवारापासून चेरिंग क्रॉसच्या या गल्लीपर्यंतचा रस्ता किती लांब, हे मला इथं येताना दर वेळी जाणवतं.

एल विनो : काउंटरवर उभं राहण्याचा हक्क

नदीकाठानं पूर्वेला चालत गेलं की टेम्पल हा वकिलांचा परिसर लागतो आणि त्याच्या वर फ्लीट स्ट्रीट. एके काळी इंग्लंडची सगळी मोठी वर्तमानपत्रं या रस्त्यावर होती. पलीकडे ‘रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस’ची भव्य इमारत. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर लोकमान्य टिळकांनी भरलेला अब्रुनुकसानीचा खटला 1919 साली लंडनच्या उच्च न्यायालयात चालला आणि टिळक तो हरले. मराठी माणूस या रस्त्यावरून जाताना त्या इमारतीपाशी थांबतोच.

47 क्रमांकाच्या दारात ‘एल विनो’ आहे. हा व्यवसाय आल्फ्रेड बोवर यांनी 1879 मध्ये सुरू केला आणि फ्लीट स्ट्रीटवर हे नाव 1923 पासून आहे. दर्शनी बाजूला वाइनच्या बाटल्या, आत लांब काउंटर, त्यामागे बसायची खोली. पिढ्यान्‌पिढ्या इथं पत्रकार आणि वकील जमत. बातमी इथं फुटायची, खटल्याची चर्चा इथं व्हायची.

त्या चर्चेत स्त्रियांना जागा नव्हती. बाईनं काउंटरपाशी उभं राहायचं नाही, मागच्या खोलीत बसायचं, तिथं तिला वाइन आणून दिली जाईल, असा इथला नियम होता. बाहेरून पाहणाऱ्याला तो शिष्टाचार वाटेल. पण पत्रकार स्त्रीला त्याची किंमत मोजावी लागत होती, कारण बातम्यांची देवाणघेवाण काउंटरपाशी चाले आणि ती तिथं नसे. वकील टेस गिल आणि पत्रकार ॲना कूट या दोघींनी 1975 च्या लिंगभेदविरोधी कायद्याचा आधार घेऊन न्यायालय गाठलं. खालच्या न्यायालयात त्या हरल्या. नोव्हेंबर 1982 मध्ये अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला : पुरुषाला जिथं उभं राहून पिता येतं, तिथं स्त्रीला नकार देणं हा भेदभावच आहे.

आता तिथं कुणीही उभं राहावं. वर्तमानपत्रं 1980 च्या दशकात फ्लीट स्ट्रीट सोडून गेली. आजचं गिऱ्हाईक मुख्यतः वकिलांचं आणि आसपासच्या कचेऱ्यांतलं. इथली यादी जुन्या वळणाची, बोर्दो आणि बर्गंडीकडे झुकणारी आहे. मी इथं बोर्दोचा एक ग्लास घेते आणि तो काउंटरपाशी उभी राहूनच पिते. आपल्याला सहज मिळालेली जागा कुणीतरी भांडून मिळवलेली असते, याची आठवण ठेवण्यासाठी लंडनमध्ये इतकी योग्य जागा दुसरी नसेल. हा भाग कचेऱ्यांचा आहे, त्यामुळे शनिवार-रविवारचा बेत करण्याआधी बार उघडा आहे का ते पाहून घ्यावं.

कॉर्क अँड बॉटल : नाटकाआधीचा तास

लेस्टर स्क्वेअर म्हणजे नाट्यगृहं, चित्रपटगृहं आणि पर्यटकांची अखंड गर्दी. तिथं क्रॅनबोर्न स्ट्रीटवर, दुकानांच्या रांगेत पटकन लक्षात न येणारं एक दार आहे. आतला गोल जिना तळघरात नेतो. न्यूझीलंडहून आलेल्या डॉन ह्यूइटसन यांनी 1971 मध्ये इथं ‘कॉर्क अँड बॉटल’ सुरू केला.

तो काळ लंडनच्या वाइन बारांच्या भरभराटीचा. पब हा पुरुषांचा अड्डा होता : बियरचे मोठे ग्लास, धूर आणि बाईकडे वळणाऱ्या नजरा. कचेऱ्यांत काम करणाऱ्या तरुण स्त्रियांना संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बसायला वेगळी जागा हवी होती. खाणं बरं असेल, उजेड पुरेसा असेल आणि एकटीनंही आत शिरायला संकोच वाटणार नाही, अशी. नव्या वाइन बारांनी ती जागा दिली. एकीकडे एल विनोत स्त्रियांना काउंटर बंद होता आणि त्याच दशकात शहरभर तळघरांमधून नवे काउंटर उघडत होते.

ह्यूइटसन यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या वाइन लंडनकरांपुढे आणल्या, त्याही फ्रेंच वाइनपलीकडे फारसं कुणी पाहत नव्हतं तेव्हा. चीज आणि हॅम भरलेला ‘पाय’ हा भाजलेला पदार्थ इथं प्रसिद्ध आहे. मांस न खाणाऱ्यांनी चीजचं ताट मागवावं. नाटकाची तिकिटं हातात असतील तर पडदा उघडण्याआधीचा तास घालवायला याहून सोयीची जागा त्या भागात मला माहीत नाही.

द टेन केसेस : छोटी यादी

कॉव्हेंट गार्डनजवळच्या एंडेल स्ट्रीटवर 2011 पासून असलेला ‘द टेन केसेस’ एका साध्या कल्पनेवर चालतो. नेहमीच्या यादीतली प्रत्येक वाइन फक्त दहा खोकी घ्यायची. एका खोक्यात बारा बाटल्या, म्हणजे एकशेवीस बाटल्या. त्या संपल्या की ती वाइन पुन्हा मागवायची नाही, तिच्या जागी दुसरी आणायची. त्यामुळे यादी लहान राहते आणि सतत बदलते.

वाइनची जाडजूड यादी हातात आली की नवखा माणूस गांगरतो आणि ओळखीचं नाव पाहून बोट ठेवतो. इथं तसं होत नाही. मोजक्या लाल, मोजक्या पांढऱ्या, त्यांतल्या बहुतेक ग्लासानं मिळणाऱ्या. नाव कधी ऐकलं नसेल तर तीच घेऊन पाहावी. आवडली नाही तरी एका ग्लासाचाच प्रश्न असतो.

नोबल रॉट : वाचणाऱ्यांचा बार

ब्लूम्सबरीतली लॅम्ब्ज कॉन्ड्युइट स्ट्रीट ही माझी लंडनमधली आवडती गल्ली. जुन्या विटांची घरं, शिंप्यांची आणि पुस्तकांची दुकानं, फारशी वाहनं नाहीत. चार्ल्स डिकन्सचं घर जवळच, डाउटी स्ट्रीटवर आहे. गल्लीच्या दक्षिण टोकाला थिओबाल्ड्स रोड ओलांडला की ‘ग्रेज इन’ची बाग लागते. बॅरिस्टर होण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 मध्ये नाव घातलं ते याच संस्थेत. पैशाअभावी शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं होतं आणि ते पुरं करायला ते पुन्हा लंडनला आले. या गल्लीत येण्याआधी मी ग्रेज इनच्या फाटकापाशी जाऊन येते.

गल्लीत 2015 मध्ये ‘नोबल रॉट’ सुरू झाला. त्याआधी त्याच जागेत ‘व्हॅट्स’ नावाचा जुना वाइन बार होता. डॅन कीलिंग हे संगीताच्या कंपनीत काम केलेले, मार्क अँड्र्यू हे मास्टर ऑफ वाइन. दोघांनी 2013 मध्ये याच नावाचं वाइनविषयक मासिक काढलं आणि मासिकातून बार उभा राहिला. त्यामुळे इथं मद्याबरोबर लेखनाचंही वातावरण आहे. भिंतींवर मासिकाची रंगीत मुखपृष्ठं आहेत. पुढच्या भागात लाकडी टेबलं आणि बार, मागे जेवणाची खोली.

ग्लासानं मिळणाऱ्या वाइनची यादी इथं खरोखर दखल घेण्यासारखी आहे. एरवी अख्खी बाटली परवडणार नाही अशी जुनी, दुर्मीळ वाइनही कधी कधी ग्लासानं मिळते. हे शक्य झालं एका उपकरणामुळे. बूच न काढता त्यातून बारीक सुई आत जाते, वाइन बाहेर येते आणि तिच्या जागी आरगॉन वायू भरला जातो. आरगॉनचा वाइनवर परिणाम होत नाही आणि प्राणवायू आत शिरत नाही, म्हणून उरलेली वाइन बराच काळ टिकते. या सोयीमुळे लहान मापात मोठी वाइन चाखणं सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आलं.

जुनी वाइन म्हणजे चांगलीच, असा आपल्याकडे समज आहे. नोबल रॉटमध्ये वाइन वाढणाऱ्या तरुणीनं माझा तो समज शांतपणे दूर केला. बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत प्यायसाठीच केलेल्या असतात. मुरवल्यानं फायदा होतो तो मोजक्यांचाच : ज्यांच्यात आंबटपणा, तुरटपणा किंवा साखर भरपूर आहे अशांचा. काळाबरोबर तुरटपणा मऊ होतो, ताज्या फळाचा वास जाऊन सुक्या फळाचा, मातीचा, चामड्याचा वास येतो. कुणाला तो बदल आवडतो, कुणाला नाही. तिनं एकाच प्रदेशातली तरुण आणि मुरलेली वाइन शेजारी शेजारी ठेवली. ताईला तरुण आवडली, मला मुरलेली. त्यावरून आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो.

मासे खाणाऱ्यांनी इथला ‘स्लिप सोल’ घ्यावा. लहान सपाट मासा, धुरकट वासाच्या लोण्यात. त्याबरोबर कोरडी, खनिजांची आठवण देणारी पांढरी वाइन. या बारच्या शाखा आता सोहो आणि मेफेअरमध्येही आहेत. मला मूळ जागाच जवळची वाटते.

नदीपलीकडे : बूट अँड फ्लॉगर आणि फोर्टी मॉल्टबी स्ट्रीट

थेम्सच्या दक्षिण काठावर, बरो मार्केटपासून थोड्या अंतरावर रेडक्रॉस वे नावाची शांत गल्ली आहे. 1870 पासून वाइनच्या धंद्यात असलेल्या डेव्ही घराण्यानं 1960 च्या दशकात इथं ‘बूट अँड फ्लॉगर’ सुरू केला. बाटलीला बूच ठोकण्याच्या जुन्या पद्धतीत बाटली चामड्याच्या खोळीत धरत आणि लाकडी थापीनं बूच आत बसवत. ती दोन साधनं या बारच्या नावात आहेत.

वाइन विक्रेत्यांच्या ‘व्हिंटनर्स कंपनी’ या मध्ययुगीन संघाला चौदाव्या शतकात तिसऱ्या एडवर्डनं सनद दिली. संघाच्या सभासदांना पुढे कित्येक शतकं परवान्याशिवाय वाइन विकण्याचा हक्क होता आणि हा बार त्याच हक्कावर सुरू झाला. लाकडी फळ्यांनी मढवलेल्या भिंती, चामड्याच्या खुर्च्या, मंद दिवे. पोर्टचा एक ग्लास घेऊन दुपार काढावी अशी जागा.

समोरच ‘क्रॉसबोन्स’ची दफनभूमी आहे. समाजानं दूर लोटलेल्या स्त्रिया आणि गोरगरीब यांना इथं पुरत. 1853 मध्ये ती बंद झाली. आज तिच्या फाटकावर लोक रंगीत फिती आणि फुलं बांधतात. बारमध्ये शिरण्याआधी त्या फाटकापाशी जरूर उभं राहावं.

लंडन ब्रिजपासून पूर्वेकडे रेल्वेचा विटांचा उंच पूल जातो. लंडनमधली पहिली रेल्वे 1836 मध्ये याच मार्गावर धावली आणि तिच्यासाठी 878 कमानी बांधल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच कमानींखाली आज गुदामं, बेकऱ्या आणि कारागिरांची दुकानं आहेत. बर्मंडसीत मॉल्टबी स्ट्रीटवरच्या कमानीत ‘फोर्टी मॉल्टबी स्ट्रीट’ आहे. मुळात हे वाइन आयात करणाऱ्यांचं गुदाम. तिथंच काउंटर आणि छोटं स्वयंपाकघर मांडलं आणि त्याचा बार झाला. डोक्यावरून गाडी गेली की घरघर ऐकू येते.

इथं ‘नैसर्गिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाइन मिळतात. द्राक्षं रासायनिक खतं-औषधांशिवाय वाढवलेली, आंबवण्यासाठी सालींवरचंच यीस्ट, आणि गंधकाचा वापर नाही किंवा अगदी थोडा. त्या कधी गढूळ दिसतात, कधी त्यांना ताकाच्या किंवा सफरचंदाच्या सिरक्याच्या अंगानं जाणारा वास येतो. काही मला फार आवडल्या, काही अजिबात नाहीत. पण शेतकरी, द्राक्ष आणि हंगाम यांच्याबद्दल इथला माणूस जितक्या तपशिलानं बोलतो तितका दुसरीकडे क्वचितच कुणी बोलतो. पदार्थांची यादी फळ्यावर खडूनं लिहिलेली असते आणि मोसमी भाज्यांना तिच्यात मानाचं स्थान असतं.

जाणाऱ्यांसाठी

ब्रिटनमध्ये ग्लासानं विकायच्या वाइनचं माप कायद्यानं ठरलेलं आहे : 125 मिलिलिटर, 175 मिलिलिटर किंवा त्यांच्या पटीत. 125 चं माप मागितल्यास ते द्यावंच लागतं. तेच मागावं. 750 मिलिलिटरच्या बाटलीत असे सहा ग्लास होतात. दोघींनी प्रत्येकी दोन वेगवेगळे ग्लास घेऊन एकमेकींचे चाखले तर एका संध्याकाळी चार वाइन कळतात. अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात आणि तरुण दिसणाऱ्यांकडे वयाचा पुरावा मागतात. साधं पिण्याचं पाणी फुकट देणं बंधनकारक आहे. प्रत्येक ग्लासामागे एक पेला पाणी प्यावं. बिलात अनेकदा साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेलं असतं, तेव्हा वेगळी बक्षिशी देण्याआधी बिल वाचावं.

शाकाहारी लोकांनी दोन गोष्टी विचाराव्यात. पुष्कळ चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. वनस्पतिजन्य रेनेटचंही चीज मिळतं, ते मागावं. वाइन निवळण्यासाठी कधी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. तो नको असेल तर ‘व्हीगन’ लिहिलेली वाइन घ्यावी.

इंग्लंडची स्वतःची फेसाळ वाइन दिसली तर अवश्य चाखावी. ससेक्स आणि केंटमध्ये शँपेनसारखीच खडूची जमीन आहे आणि गेल्या तीसेक वर्षांत तिथल्या वाइननं मोठं नाव कमावलं आहे.

आणि प्रमाण सांभाळावं. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला 14 युनिटच्या वर न जाण्याचा आहे. 13 टक्के मद्यार्काच्या वाइनचा 175 मिलिलिटरचा एक ग्लास सुमारे 2.3 युनिटांचा होतो. म्हणजे आठवड्याभरात असे सहा ग्लास, तेही सलग एका दिवशी नव्हेत. वाइन बारमध्ये बसायचं ते चवीसाठी आणि गप्पांसाठी.

एकच संध्याकाळ मोकळी असेल तर गॉर्डन्सला जा, आणि जागा मिळावी म्हणून पाचच्या आत जा. दोन असतील तर दुसरी नोबल रॉटसाठी राखून ठेवा. लंडनमध्ये पुन्हा पुन्हा जाणाऱ्यानं नदी ओलांडून मॉल्टबी स्ट्रीट गाठावा.

आणि आपल्याकडे? नारायणगावची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन 1980 च्या दशकातच इंग्लंडमध्ये विकली जात होती. नाशिकचा वाइनउद्योग त्यानंतर उभा राहिला आणि तिथल्या वायनरींत जाऊन चव घेण्याची सोयही झाली. पण नाशिक, पुणे, मुंबईच्या मधल्या वस्तीत, आपल्याच मातीतल्या वाइन लहान मापात चाखता येतील, सोबत चार गोष्टी समजावून सांगणारं माणूस असेल आणि बाईला एकटीनं शिरताना दोनदा विचार करावा लागणार नाही, अशा जागा अजून मोजक्याच आहेत. लंडनकरांकडे द्राक्षं नसताना त्यांनी हे केलं. आपल्याकडे द्राक्षं आहेत, शेतकरी आहेत, वाइन करणारी जाणती माणसं आहेत. हॉटेलच्या धंद्यातल्या आपल्या तरुण मंडळींनी हे काम हाती घ्यावं.